नर्सिंगचा हुनर आणि त्याचे मोल

आपल्या समाजात धंद्याचा हिशेब सर्वांना कळतो, पण मुलीच्या नोकरीचा हिशेब फार थोडे लोक मांडतात. वाशिम, कारंजा, मंगरुळपीर, रिसोड या भागांतील आपल्या मुली नर्सिंगकडे वळत आहेत, ही समाधानाची बाब आहे. परंतु "एवढ्याशा पगारासाठी मुलीला रात्रपाळीला कशाला पाठवायचे?" हा सवालही घरोघरी ऐकू येतो. सवाल रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर मुलीला घरी बसविणे हे नसून तिची कमाई कशी वाढेल याचा विचार करणे हे आहे.

कापडाचा धंदा करणाऱ्याला ठाऊक असते की, काठावर मिलचा शिक्का असलेल्या थानाला एक भाव आणि बिनशिक्क्याच्या मालाला दुसरा. नर्सिंगमध्ये हा शिक्का म्हणजे महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी. छोट्या दवाखान्यात चार वर्षे काम करून इंजेक्शन देणे शिकलेल्या मुलीला लोक सिस्टर म्हणतात. पण नोंदणी नसेल तर सरकारी भरतीत तिला दार बंद आणि परदेशातही बंद. मालक देईल तेवढ्यावर तिला राहावे लागते. म्हणून प्रवेश घेण्याआधी संस्था मान्यताप्राप्त आहे की नाही, हे पालकांनी स्वतः तपासावे. बिनमान्यतेच्या संस्थेत भरलेली फी म्हणजे बुडीत खाते समजा.

दुसरी गोष्ट पायऱ्यांची. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. जीएनएम झालेल्या मुलीला पुढे दोन वर्षांत पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते. अतिदक्षता, शस्त्रक्रियागृह, नवजात बालकांची शुश्रूषा यांचे एक वर्षाचे पदविका अभ्यासक्रम आहेत. प्रसूतीसाठी नर्स प्रॅक्टिशनरचा अठरा महिन्यांचा, तर अतिदक्षतेसाठी एम.एस्सी. दर्जाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. जी मुलगी पहिल्याच पायरीवर थांबते, तिचा पगारही तिथेच थांबतो.

सरकारी नोकरीचे गणित पाहा. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे राज्यात अधिपरिचारिकेचे मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून, तर आरोग्य सेविकेचे २५,५०० रुपयांपासून सुरू होते, भत्ते वेगळे. २०१८ साली आयुष्मान भारत योजना आल्यावर उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी हे पद निर्माण झाले. बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांनाही ते मिळते. नोकरी कंत्राटी आहे, पण ठरावीक मानधनाशिवाय कामाच्या मोबदल्यात दरमहा १५ हजारांपर्यंत जादा रक्कम मिळण्याची तरतूद आहे. आपल्या वाशिमचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ साली सुरू झाले. जिथे असे महाविद्यालय, तिथे मोठे रुग्णालय आणि तिथे नर्सची गरज. त्या जागांसाठी आपल्या मुली तयार हव्यात. उर्दू माध्यमाच्या मुलींनी मराठी आणि इंग्रजी आतापासूनच पक्की करावी. हुनर असूनही भाषेपायी मागे पडणे परवडणारे नाही.

आखाताचा मार्गही आहे. तिथे कागदपत्रांची पडताळणी आणि परवान्याची परीक्षा द्यावी लागते, अनुभवाचा दाखला लागतो. त्यामुळे पहिल्या दिवसापासून नेमणूकपत्र आणि अनुभवपत्र सांभाळावे. एजंटांपासून मात्र सावध! नोंदणीकृत एजंटालाही ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी यापेक्षा जास्त फी घेता येत नाही. नर्सेसची भरती सरकारी संस्थांमार्फत करण्याचा आदेश केंद्राने २०१५ सालीच काढला. केरळची नोर्का रूट्स ही त्यांपैकी एक. लाखो रुपये मागणारा माणूस रोजी देत नाही, रोजी लुटतो.

आता थोडे आपल्याच लोकांना. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने, पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही नर्सला २० हजारांपेक्षा कमी पगार नसावा, अशी शिफारस केली. शिफारस म्हणजे कायदा नव्हे. केरळमध्ये नर्सेस एकजुटीने लढल्या, तेव्हा २०१८ साली किमान वेतनाची अधिसूचना निघाली. पण आपल्या समाजातील जे डॉक्टर दवाखाने चालवतात, त्यांना सरकारी हुकमाची वाट पाहण्याची काय गरज? मजुराची मजुरी त्याचा घाम सुकण्याआधी द्या, ही शिकवण आपण व्याख्यानात सांगतो. ती पगारपत्रकातही दिसावी.

व्यापारी बंधूंवरही जबाबदारी आहे. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची माहिती मोहल्ल्यात पोहोचवावी, अर्ज भरण्यास मदत करावी. जिथे कर्ज अपुरे पडेल तिथे चार दुकानदारांनी मिळून एका मुलीची फी कर्ज-ए-हसना म्हणून द्यावी. व्याज नाही, उपकार नाही. नोकरी लागल्यावर तिने परत करावी आणि तीच रक्कम दुसऱ्या मुलीला मिळावी.

ज्यांना हा पेशा कमीपणाचा वाटतो, त्यांनी हजरत रुफैदा यांचे स्मरण करावे. खंदकच्या लढाईतील जखमी सहाबींची शुश्रूषा मस्जिद-ए-नबवीतील त्यांच्या तंबूत होत असे. हा पेशा इज्जतीचाच आहे. त्याला रास्त दामही मिळावा, एवढे तर आपण सर्वांनी मिळून करू शकतो.