काहीतरी चांगलं द्या ना...

सार्वजनिक वाचनालयाच्या काउंटरवर दोन प्रकारची माणसं येतात. पहिल्या प्रकारची घरूनच ठरवून येतात. चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहिलेलं असतं, ते आहे की बाहेर गेलंय एवढंच त्यांना विचारायचं असतं. दुसऱ्या प्रकारची माणसं वाचून झालेलं पुस्तक काउंटरवर ठेवतात, जरा घुटमळतात आणि म्हणतात, "काहीतरी चांगलं द्या ना."

माझं मत असं आहे की वाचनालय मुख्यतः या दुसऱ्या माणसांसाठी असतं. पहिल्यांचं काय, ते पुस्तक कुठूनही मिळवतील. विकत घेतील, मित्राकडून आणतील, फोनवर वाचतील. दुसऱ्यांना मात्र कुणीतरी सांगणारं लागतं. आणि नेमकी यांचीच सोय आपल्या बहुतेक वाचनालयांत उरलेली नाही. "ती बघा कपाटं, घ्या शोधून" एवढं उत्तर मिळालं तरी नशीब म्हणायचं. (काही ठिकाणी कपाटाला कुलूप असतं आणि हातात नोंदींची वही ठेवतात. तिथे तर देवच वाली.)

आता कुणी म्हणेल, अहो असं कसं, आमच्या वाचनालयात वर्षभर किती कार्यक्रम होतात! होतात, मान्य आहे. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन, १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन, आणि २०१५ पासून १५ ऑक्टोबरला अब्दुल कलामांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन. शिवाय दिवाळी अंकांचं प्रदर्शन आहेच. पण त्या कार्यक्रमांत नक्की काय होतं ते जरा आठवून बघा. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, गुलाबपुष्प, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल, श्रीफळ, वाचनाचं महत्त्व, आभार, चहा. दीड तास वाचनाचं महत्त्व ऐकून माणूस घरी जातो तेव्हा त्याच्या पिशवीत पुस्तक नसतं. कारण दारावर पाटी लावलेली असते : "आज कार्यक्रमानिमित्त देवघेव बंद राहील."

ही पाटी मी एकदा नाही, तीन वेगवेगळ्या गावांत पाहिली आहे. त्यातली एक तर वाचन प्रेरणा दिनाची होती! हसू येतं खरं, पण त्या पाटीत सगळा घोटाळा आलाय असं मला वाटतं. कार्यक्रम एकीकडे आणि पुस्तकं एकीकडे.

व्याख्यानांना माझा विरोध नाही बरं का. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झाली आणि तिने कितीतरी पिढ्यांचे कान तयार केले. माझं मागणं अगदी साधं आहे. वक्ता ज्या विषयावर बोलणार त्या विषयावरची आपल्याकडची पंधरा-वीस पुस्तकं त्या दिवशी कपाटातून काढा, सभागृहाच्या दाराशी टेबलावर मांडा, आणि कार्यक्रम संपल्यावर अर्धा तास देवघेव चालू ठेवा. बास. खर्च शून्य. ऐकून डोकं तापलेलं असतं तेव्हाच पुस्तक हातात पडलं तर वाचलं जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला, गॅसवाला आणि मुलांची शाळा असते, व्याख्यान कुणाच्या लक्षात राहतं?

शि. रा. रंगनाथन हे नाव ग्रंथपालांच्या परीक्षेला असतं, त्यामुळे आपण बाकीच्यांनी ते वाचायचं नाही असा एक समज आहे. वास्तविक हा माणूस मूळचा गणिताचा प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला, आणि १९३१ साली त्याने ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला दुसरा नियम वाचकाच्या बाजूने बोलतो, म्हणजे प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. तिसरा पुस्तकाच्या बाजूने बोलतो, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. दुसरा नियम आपण निदान तोंडाने तरी म्हणतो. तिसरा साफ विसरलोय. मागच्या रांगेत दहा वर्षं कुणी हात न लावलेलं चांगलं पुस्तक उभं असतं. त्याच्या वतीने कुणीतरी दोन शब्द बोलायला हवे असतात. पुस्तकाला काही स्वतःहून काउंटरपर्यंत चालत येता येत नाही!

हे 'दोन शब्द बोलणं' म्हणजे शिफारस. पण ती कशी करायची यातच गोम आहे. आपल्याकडे शिफारस बहुतेक वेळा वरून खाली येते. अभिजात काय, दर्जेदार काय, जाणकाराने वाचलंच पाहिजे असं काय, याच्या याद्या असतात. ग्रंथालय संचालनालयाची शासनमान्य ग्रंथांची यादीही निघते. तिचा उपयोग नाही असं नाही. पण कोणतं पुस्तक घ्यावं एवढंच ती सांगणार. कोणतं पुस्तक कुणाच्या हातात द्यावं हे यादीला कसं कळणार? ते समोरच्या माणसाकडे बघितल्याशिवाय कळत नाही.

आमच्या भागातल्या वाचनालयात पूर्वी काउंटरवर एक बाई असायच्या. सगळे त्यांना ताई म्हणायचे. आमच्या शेजारच्या काकू तिथून फक्त व्रतवैकल्यांची आणि लोणच्या-पापडाची पुस्तकं आणायच्या. ताईंनी त्यांना एकदाही "काकू, जरा साहित्य वाचा" असं म्हटलं नाही. एक दिवस लोणच्याच्या पुस्तकाबरोबर 'स्मृतिचित्रे' पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "यातल्या बाईंचा नवरा भारी विक्षिप्त आहे हो. दोन पानं बघा, नाही आवडलं तर उद्या आणून टाका." काकूंनी ते तीनदा मुदत वाढवून घेतलं. लक्ष्मीबाई टिळकांना त्या पुढे कायम 'आमच्या लक्ष्मीबाई' म्हणायच्या. बायकांच्या आत्मचरित्रांचं निम्मं कपाट त्यांनी त्या दोन वर्षांत संपवलं.

यात ताईंनी केलं काय? त्यांनी काकूंना कमी लेखलं नाही. लोणच्याचं पुस्तक काढून घेतलं नाही, त्याच्या शेजारी दुसरं ठेवलं. 'मराठी साहित्यातील एक श्रेष्ठ आत्मचरित्र' असलं काही न म्हणता विक्षिप्त नवऱ्याबद्दल सांगितलं. आणि नाही आवडलं तर परत आणायची मुभा दिली. चांगल्या शिफारशीत याहून जास्त काही नसतं.

बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. धनंजय आणि झुंजार यांच्यासाठी एके काळी वाचनालयांत नंबर लागत. पण अर्नाळकर मागणाऱ्या पोराकडे नाक मुरडून बघणारेही तेव्हा होतेच, आणि आज फोनवर वेबमालिका बघणाऱ्या पोराकडे तसंच बघणारे आहेत. माझ्या मते ज्याला रहस्यकथेची चटक आहे तो वाचक अर्धा तयारच आहे. त्याला नारायण धारप द्या. धारप पचले की एक दिवस जी. ए. कुलकर्णींची एखादी कथा द्या. नाही जमली तर परत धारप. काही बिघडत नाही! वाचन ही शिडी आहे असं म्हणणारे लोक खालच्या पायऱ्या का तोडून टाकतात हे मला कधीच कळलेलं नाही.

यावर हल्लीचा आक्षेप असा की, शिफारस करायला आता माणूस लागतोच कुठे? ऑनलाइन दुकानात एक पुस्तक घेतलं की खाली दहा दिसतात. दिसतात, पण बहुतेक त्याच जातीची. एक चरित्र घेतलं की दहा चरित्रं. लोणच्याचं पुस्तक मागवलं तर मुरांब्याचं पुस्तक दाखवतील, लक्ष्मीबाई टिळक दाखवणार नाहीत. कारण त्यांना काकू काय विकत घेतात हे ठाऊक असतं. काकू बोलतात कशा, हसतात कशाला, हे ताईंना ठाऊक होतं.

(अर्थात यालाही एक पथ्य आहे. कोण काय वाचतं हे काउंटरच्या पलीकडे जाता कामा नये. "तुमच्या सूनबाई हल्ली फार असलं काही वाचतात हं" असं सांगणारा ग्रंथपाल असण्यापेक्षा मुका ग्रंथपाल परवडला.)

आता मला ज्याची खरी काळजी वाटते ते सांगते. आज गावोगावच्या वाचनालयांत सगळ्यात जास्त गर्दी कुठे असेल तर ती अभ्यासिकेत. स्पर्धा परीक्षांची पोरंपोरी सकाळी सातला डबा घेऊन येतात आणि रात्री दहाला जातात. चालू घडामोडी, राज्यघटना, अंकगणित. जागा थोड्या आणि बसणारे लाखो, त्यामुळे यातल्या बहुतेकांना ती नोकरी मिळणार नाही हे त्यांनाही ठाऊक असतं. त्यांच्यापासून वीस पावलांवर कथा-कादंबऱ्यांची कपाटं असतात. चार-चार वर्षं त्या वाचनालयात बसून एकही गोष्टीचं पुस्तक घरी न नेलेली मुलं मला भेटली आहेत. "वेळ कुठे आहे?" म्हणतात. त्यांचं चुकत नाही. पण रात्री खोलीवर जाऊन तासभर रील्स बघायला वेळ असतो, कारण डोकं थकलेलं असतं आणि त्याला दुसरं काही कुणी दिलेलं नसतं.

या मुलांना 'वाचाल तर वाचाल'चा तक्ता दाखवून काही होणार नाही. अभ्यासिकेच्या दाराशी एक खोकं ठेवा. त्यात पातळ पुस्तकं ठेवा. त्यात व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' असू द्या. १९५५ सालची आहे. एक तरणा पोरगा मास्तरकीची नोकरी मिळून माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर जातो, शाळेत पोरंच येत नाहीत, आणि त्याने करायचं काय इथून गोष्ट सुरू होते. ज्याला नोकरी हवी आहे त्याला नोकरी मिळाल्यानंतरची ही गोष्ट वाचावीशी वाटणार नाही असं मला वाटत नाही. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' असू द्या. आणि ज्याची निवड झाली नाही, ज्याला गावी परतायचंय, त्याच्या हाती जाताना एखादं पुस्तक पडलं असेल तर त्या चार वर्षांत वाचनालयाने त्याला खुर्ची-पंख्याखेरीज काहीतरी दिलं असं म्हणता येईल.

हे सगळं करायचं कुणी? ग्रंथपालाने. आणि त्याला पगार किती? महाराष्ट्रात १९६७ सालच्या कायद्याखाली अकरा हजारांच्या आसपास सार्वजनिक ग्रंथालयं आहेत, त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. २०२२ साली अनुदानात ६० टक्के वाढ झाली तेव्हा ड वर्गाचं अनुदान वर्षाला ३० हजारांवरून ४८ हजारांवर आलं. म्हणजे महिन्याला चार हजार. पुस्तकं, वीज आणि माणसाचा मोबदला हे त्यातच बसवायचं. यापुढे कितीही वाढ झाली तरी ती थोडीच वाटेल अशी ही सुरुवात आहे. वर वर्ग ठरताना मोजलं काय जातं, तर पुस्तकं किती, सभासद किती, नियतकालिकं किती, उघडं किती तास. तेही मोजायलाच हवं. पण ताईंनी काकूंना लक्ष्मीबाई टिळक दिल्या हे कुठल्या रकान्यात भरणार? जे मोजलं जात नाही त्याला पैसे मिळत नाहीत, आणि ज्याला पैसे मिळत नाहीत ते हळूहळू बंद पडतं. ताई सोडून गेल्या. पगारावरूनच गेल्या असं ऐकलं.

तेव्हा ग्रंथपालाला जगण्यापुरता पगार ही पहिली मागणी, यात दुमत नसावं. मात्र तो मिळेपर्यंत हातावर हात धरून बसायची गरज नाही. आपली वाचनालयं सरकारने बांधलेली नाहीत, गावातल्या लोकांनी उभी केलेली आहेत. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ सालचं. तेव्हा कसलं अनुदान होतं? नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम २००९ साली सुरू झाला. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव आणि पुढे परदेशातल्या मराठी माणसांपर्यंतही गेल्या, त्या लोकांनी दिलेल्या पैशांवर.

आपण वर्गणीदार मंडळींनी करायचं ते याहून फारच सोपं आहे. पुस्तक परत करताना एका चिठ्ठीवर दोन ओळी लिहायच्या. 'छान आहे' असलं नको. कुणाला आवडेल ते लिहायचं. 'आजीशी भांडण झालं असेल तर वाचा.' 'पहिली साठ पानं कंटाळवाणी, मग सोडवत नाही.' 'प्रवासात नेऊ नका, स्टेशन चुकेल.' ती चिठ्ठी कपाटाच्या कडेला चिकटवायला कार्यवाहांची परवानगी काढा. ते आधी नाही म्हणतील, कारण कपाटाचा रंग जातो. दुसऱ्यांदा विचारा. काउंटरशी घुटमळणाऱ्या माणसाला निदान त्या चिठ्ठ्या तरी काहीतरी सांगतील.