बंदुकीलाही माया हवी

मैत्रिणींनो, मागच्या खेपेला लोणच्याच्या बरण्या आणि आज एकदम बंदूक! तुम्ही म्हणाल, या बाईचं काही खरं नाही. पण दिवाळीनंतर आमच्याकडे छर्ऱ्याची बंदूक आली, आणि एकदा घरात आली की तीही संसारातलीच वस्तू. निगा आपल्यालाच राखावी लागते.

आमचं गाव कोल्हापूर. इथल्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसहून ऑलिंपिकचं कांस्यपदक आणलं. तेव्हापासून आमच्या बारा वर्षांच्या लेकीच्या डोक्यात नेमबाजी! सुट्टीतल्या शिबिरात पंधरा दिवस शिकून आली आणि बाबांच्या मागे लागली. स्पर्धेच्या बंदुका आपल्या आवाक्याबाहेरच्या. ह्यांनी आणली ती साधी स्प्रिंगची, नळी वाकवून ४.५ मिलिमीटरचा छर्रा भरायची.

खोकं उघडल्यावर आधी आला तो तेलाचा वास, शिवणयंत्राला तेल घातल्यावर येतो तसा. लाकडी दस्ता चकचकीत, वजन तीन किलोंच्या आसपास. पहिल्या दोन-चार बारांना नळीतून धूर निघाला आणि फटाक्यासारखा आवाज झाला. माझ्या तर छातीत धस्स झालं. मग कळलं की नव्या बंदुकीत जादा तेल राहिलेलं असतं, ते दाबलेल्या हवेने तापून जळतं. नळी आतून चिंधीने पुसून घेतली, आणि थोड्या बारांनी धूर थांबला.

खरं संकट पुढेच होतं. ह्यांनी परसात एका जुन्या पाटावर कागदाचं लक्ष्य चिकटवलं. छर्रा पाटावर आपटून उलटा आला आणि ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या सासूबाईंच्या सुपात टप्पकन पडला. अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा तुकडा! सुपात पडला म्हणून निभावलं, डोळ्यात गेला असता तर? सासूबाई काही बोलल्या नाहीत. सूप उचलून आत गेल्या. त्या रात्री बंदूक कपाटात गेली आणि किल्ली माझ्या कमरेला आली.

आठवडाभर तिचा विषय निघाला नाही. मग एका रात्री लेक अंथरुणात हळूच म्हणाली, "आई, राहू दे ती बंदूक. शिबिरात जमत होतं, इथं नाही जमत. मला येतच नसेल." पोरीच्या तोंडून हे ऐकलं आणि मला झोप येईना. सकाळी रिकामी बंदूक तिच्या हातात दिली आणि शिवणाच्या नजरेने नीट पाहिलं. पोर कमरेतून मागे वाकलेली, मान पुढे ताणलेली, गाल दस्त्यापासून दोन बोटं वर. अहो, बापाचा सदरा लेकीला घातल्यासारखी गत! दोष पोरीचा नव्हता, मापाचा होता.

माप घेणं सोपं आहे. कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचं टोक कोपराच्या लवणीत टेकवायचं. बोटाचं पहिलं पेर चापापर्यंत आरामात पोचलं पाहिजे. आमचं दोन इंच कमी पडत होतं. सुतारमामांना बोलावलं. पण वाढत्या अंगाच्या मुलीच्या फ्रॉकला आपण माया ठेवतोच ना? तशीच इथे ठेवली. नळी उतरवून मामांनी दस्त्याच्या टोकाचं रबर काढलं, दीड-दीड सेंटिमीटरच्या दोन चकत्या सरळ कापल्या, त्यांना स्क्रूची भोकं पाडली आणि रबर पुन्हा बसवलं. लेक उंच झाली की एकेक चकती परत लावायची. बाकी थोडं अंतर कोपर नीट धरून निभावलं. गालासाठी जुन्या ब्लँकेटच्या घड्यांवर रेक्झिन शिवून नाडीने बांधलं. कापण्याआधी दुकानदाराला हमीबद्दल मात्र विचारून घ्या.

शेजारचे भाऊजी म्हणाले, "वहिनी, जोरदार स्प्रिंग टाका, धार येईल!" मी हात जोडले. ताकद वाढवली की धोका वाढतो, आणि ठराविक मर्यादेपलीकडच्या बंदुकीला परवाना लागतो. आपल्याला नेम हवा, जोर नव्हे.

राहिला परसातला पाट. त्याच्या जागी लाकडी खोकं आलं. मागे लोखंडी पत्रा, पुढे ठासून भरलेल्या चिंध्या. चिंध्या कमी पडल्या तेव्हा सासूबाईंनी ट्रंकेतली आपली जुनी गोधडी काढून दिली. "पोरीचा डोळा सांभाळा म्हणजे झालं," एवढंच म्हणाल्या. मधला भाग पोकळ होतो, म्हणून खोकं दर वेळी तपासते.

आता आमचे नियम ऐका. परसात जो कोणी असेल त्याच्या डोळ्यांवर चष्मा. छर्रा भरताना नळी एका हाताने घट्ट धरायची, नाहीतर ती उसळून बोटं चेचते. छर्ऱ्याशिवाय चाप ओढायचा नाही, आतलं सील खराब होतं. छर्रा तोंडात धरायचा नाही, आणि खेळून झालं की साबणाने हात धुतल्याशिवाय खाऊला हात लावायचा नाही. शिसं विषारी असतं. छर्रे एका कुलपात, बंदूक दुसऱ्या. पाखरांवर नेम धरला, की बंदूक परत कपाटात.

गेल्या रविवारी लेकीचे दहाही छर्रे माझ्या बांगडीएवढ्या जागेत बसले. सासूबाईंनी तो कागद हातात घेऊन भोकं मोजली, दोनदा.

त्या दोन चकत्या तारीख घालून मी शिवणयंत्राच्या खणात, रिळांशेजारी ठेवल्या आहेत. "मला येत नाही" असं तुमचं मूल म्हणालं, तर आधी वस्तूचं माप बघा बरं का! आणि कापताना माया ठेवायला विसरू नका.