व्यवहाराच्या चार गोष्टी : परराज्यातली गाडी दारात आणताना



कांद्याचे नाही तर टोमॅटोचे चार पैसे गाठीला लागले, की घरात विषय निघतो तो गाडीचा. नारायणगावच्या बाजारात क्रेट पोचवायचे असतात, ओतूरला नाही तर आळेफाट्याला कांदा न्यायचा असतो, म्हाताऱ्या माणसांना मंचरच्या दवाखान्यात दाखवायचे असते. भाड्याच्या गाडीला पैसे मोजून मोजून जीव जातो. मग मुलगा म्हणतो, "आबा, नवी नको, जुनीच घेऊ." आणि जुनी बघता बघता कोणीतरी सांगतो, "अरे, गुजरात पासिंगची बघ. इथल्यापेक्षा कितीतरी स्वस्त."

आंबेगाव तालुक्यातल्या एका वाचक भगिनींनी हेच विचारले आहे. त्यांच्या मुलाने परराज्यात एक डिझेल मोटार पाहिली आहे. तिथे ती २ लाख ४० हजारांना मिळते, तशीच इकडे ३ लाखांना. मालक म्हणतात घेऊन टाकू, सासरे म्हणतात नको. मुलगा पैसे घेऊन निघायच्या तयारीत आहे. त्या विचारतात, खरे कोणाचे?

ताई, गाडी जरूर घ्या, पण मुलाला आठ दिवस थांबवा. ६० हजारांचा फरक दिसतो तो तिथल्या अंगणातला आहे. आपल्या दारात गाडी आपल्या नंबराने उभी राहीपर्यंत त्यातले किती उरतात, हे आज कागदावर मांडून पाहू.

आधी स्वस्ताई कुठून येते ते बघा. मोटारींवरचा कर प्रत्येक राज्य आपापला घेते, आणि सगळ्यांचे दर सारखे नाहीत. त्यात दिल्लीकडचे वेगळे कारण आहे. तिथल्या हवेच्या प्रदूषणामुळे २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना रस्ता बंद केला, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. २०२५ मध्ये हा प्रश्न पुन्हा न्यायालयापुढे आला. पण मधल्या वर्षांत तिकडच्या पुष्कळ गाड्या भाव पाडून बाहेरच्या राज्यांत गेल्या.

पूर्वी आपल्याकडे यावर एक बांध होता. १९८७ च्या कायद्याने बाहेरच्या राज्यातून आणलेल्या नव्या-जुन्या गाडीवर महाराष्ट्र प्रवेशकर घेत असे. गाडीची बाहेर पहिली नोंदणी होऊन १५ महिने उलटले असले, की तो लागत नसे. म्हणून लोक महिने मोजून गाडी आणत. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि तो प्रवेशकर गेला. तेव्हापासून बऱ्याच जणांचा समज झाला की आता काहीच भरावे लागत नाही. हा समजच माणसाला खड्ड्यात घालतो. प्रवेशकर गेला, पण मोटार वाहन कर राहिलाच आहे. दुसऱ्या राज्यात तो पूर्ण भरलेला असला, तरी गाडी इथे नोंदवताना आपल्या राज्याचा कर नव्याने भरावा लागतो.

तो किती? खाजगी माणसाच्या नव्या मोटारीला महाराष्ट्रात, गाडीची किंमत १० लाखांपर्यंत असेल तर पेट्रोलला ११ टक्के आणि डिझेलला १३ टक्के एकरकमी कर आहे. किंमत वाढली की टक्केही वाढतात. जुन्या गाडीला तिच्या वयाप्रमाणे त्याचा काही हिस्सा भरायचा. पण ध्यानात ठेवा, हा हिशेब तुम्ही दिलेल्या २ लाख ४० हजारांवर होत नाही. तो गाडीच्या मूळ किमतीवरून आणि वयावरून होतो.

आता ताईंच्या गाडीचा अंदाज करू. समजा ती नवी असताना ८ लाखांची होती. तेव्हा पूर्ण कर झाला असता १ लाख ४ हजार. वयामुळे त्याचा तिसरा हिस्सा भरावा लागला असे धरले, तर झाले ३५ हजार. दोन माणसांचे जाणे-येणे, डिझेल, टोल, एक मुक्काम मिळून १२ हजार. मध्यस्थ, फी आणि कार्यालयाच्या खेपा मिळून ८ हजार. बेरीज ५५ हजार. ६० हजारांच्या फायद्यातले उरले ५ हजार! त्यात टायर बदलायचे निघाले तर तेही गेले. हे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या गाडीचा खरा कर आधी आरटीओ कार्यालयात विचारा, आणि मगच बोली करा.

यातले थोडे परत मिळू शकते. गाडी कायमची राज्याबाहेर गेली, की उरलेल्या वर्षांचा कर परत देण्याची सोय बऱ्याच राज्यांत आहे. पण आधी इथला कर भरून, इथली नोंदणी दाखवून मग तिकडे अर्ज करावा लागतो, आणि त्याला त्या मालकाची साथ लागते. पैसे मिळाले की तो तुमचा फोन उचलेलच असे नाही. म्हणून परताव्याचे पैसे कोणाचे, हे व्यवहाराच्या कागदावर लिहून घ्या. मिळाले तर मिळाले, पण त्याच्या भरवशावर कर्ज काढू नका.

आता कागदांकडे वळू, कारण पैशापेक्षा जास्त लोक अडकतात ते कागदात. बेल्ह्याच्या बैलबाजारात आपण बैल घेतो तेव्हा दात बघतो, खांदा बघतो, चालवून बघतो, आणि पावती करूनच दावे हातात घेतो. जमीन घेताना सात-बारा बघतो, त्यावर बोजा आहे का ते बघतो. गाडीचेही तसेच. आरसी बुक हा गाडीचा सात-बारा. त्यावर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा असेल, तर तो उतरल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. "हप्ते फिटलेत, फक्त कागद यायचा आहे" असे कोणी सांगितले तर म्हणावे, कागद येऊ दे, मग मी येतो.

सगळ्यात मोठा कागद ना-हरकत दाखल्याचा. हा फॉर्म २८. तो मूळ मालकाने त्याच्या आरटीओकडून काढायचा असतो. गाडीवर कर थकलेला नाही, दंडाची चलने बाकी नाहीत, पोलिसांकडे ती चोरीची म्हणून नोंदलेली नाही, हे तपासून तो मिळतो. त्यावर चेसी नंबरचा पेन्सिलने घासून घेतलेला छाप असतो. तो छाप गाडीवरच्या नंबराशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहा. अर्ज आल्यावर ३० दिवसांत होय की नाही ते कार्यालयाने कळवावे, असे कायदा सांगतो.

इथे आपल्या भागातल्या माणसाची हमखास एक चूक होते. माझ्या भाच्याचीच गोष्ट सांगतो. त्याने शेजारच्या राज्यातून गाडी घेतली. मध्यस्थाने विचारले, जिल्हा कोणता? हा म्हणाला, पुणे. त्याने दाखल्यावर पुणे आरटीओचे नाव घातले. भाचा खुशीत गाडी घेऊन घरी आला. आईने गाडीवरून भाकर-तुकडा ओवाळून टाकला, नारळ फुटला. पण जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके येतात पिंपरी-चिंचवडच्या आरटीओकडे. आपला नंबर एमएच १४, पुणे शहराचा १२. दाखला ज्या कार्यालयाच्या नावाचा, तेच कार्यालय गाडी नोंदवणार. भाच्याला परत तिकडे जावे लागले. मालक गाव सोडून गेलेला. सहीसाठी चार महिने हेलपाटे घातले. तेवढे दिवस गाडी गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी, आणि सोसायटीच्या कर्जाचे व्याज चालू. त्या हंगामात त्याने टोमॅटो भाड्याच्या गाडीनेच नेले. म्हणून दाखला हातात पडताच पहिले वाचायचे ते कार्यालयाचे नाव : पिंपरी-चिंचवड.

दुसरी चूक बारा महिन्यांची. "परराज्याची गाडी वर्षभर चालते, काही होत नाही," असे पारावर सांगणारे पुष्कळ भेटतील. मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमात बारा महिने आहेत हे खरे, पण ते गाडी एका राज्यातून दुसऱ्यात नेऊन ठेवली तर नवा नंबर घेण्यासाठी. तुम्ही गाडी विकत घेतली असेल, तर ती आपल्या नावावर करण्याचा अर्ज ३० दिवसांच्या आत करायचा असतो, हे ५० वे कलम सांगते. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या लागतात, आणि नव्या नंबरासाठी फॉर्म २७. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देऊ नका आणि घेऊही नका. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. अपघात झाल्यावर विमा कंपनी आधी नाव बघते, मग गाडी.

ज्यांना आपली जुनी गाडी विकायची आहे, त्यांनीही हे कान देऊन ऐका. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात स्पष्ट सांगितले, की आरटीओच्या दप्तरात ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती, पण दप्तरी नाव पहिल्याचेच राहिले होते. अपघाताची भरपाई त्याच्यावर आली. म्हणजे गाडी गेली, पैसे खर्चून संपले, आणि कुठल्या तरी रस्त्यावर झालेल्या अपघाताची नोटीस आपल्या ओसरीवर आली. असा बोजा शेत विकूनही फिटत नाही.

आता थोडे देशाबाहेरचे. ज्यांची मुले आखातात आहेत ते विचारतात, तिकडची जुनी गाडी आणता येईल का? सरळ सांगायचे तर तो विचार सोडा. जुनी मोटार आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको आणि स्टिअरिंग उजवीकडे हवे. आखातातल्या गाड्यांचे स्टिअरिंग डावीकडे असते. वर सीमाशुल्क इतके, की गाडीपेक्षा कर जड व्हावा. आणि "शेजारच्या देशातली आहे, कागद आम्ही करून देतो" असे कोणी म्हणाले, तर पाय मागे घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात सीमाशुल्क खात्याने बऱ्याच किमती गाड्या ताब्यात घेतल्या. त्या भूतानमधून चोरट्या वाटेने आणून खोट्या कागदांवर इथे नोंदवल्या, असा खात्याचा आरोप होता. गाडी जप्त झाली की नुकसान शेवटच्या घेणाऱ्याच्या पदरात.

मालवाहू पिकअप घेणाऱ्यांना दोन शब्द. मालगाडीला फिटनेसचा दाखला लागतो. तो गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी. आठ वर्षांनंतर आपल्या राज्याचा पर्यावरण करही लागतो. खाजगी मोटारीला तो १५ वर्षांनंतर. आरसीवर एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही, वर असेल तर लागते. म्हणून वजनाचा आकडा आधी वाचा. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपत आलेली गाडी घेत असाल, तर एप्रिल २०२२ पासून फेरनोंदणीची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली आहे, तीही हिशेबात धरा. आणि दलाल "वर जीएसटी पडेल" म्हणून पूर्ण किमतीवर पैसे मागू लागला, तर ऐकू नका. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला २०२५ च्या जानेवारीपासून १८ टक्के कर आहे, पण तो त्याच्या नफ्यावर. एका घरच्या माणसाने दुसऱ्याला गाडी विकली, तर तोही नाही.

मग ताईंच्या मुलाने करायचे काय? हा क्रम कात्रण काढून ठेवा :

१. गाडीचा नंबर घेऊन सरकारी 'परिवहन' संकेतस्थळावर मालकाचे नाव, बोजा, विमा आणि चलने पाहा. गावातला कोणताही शिकता मुलगा हे करून देईल.

२. पिंपरी-चिंचवडच्या आरटीओत जाऊन त्या गाडीला इथे किती कर पडेल ते विचारा.

३. इसारा मोजका द्या, आणि पावती घ्या.

४. बोजा उतरवून पिंपरी-चिंचवडच्या नावाचा ना-हरकत दाखला मालकाने काढावा.

५. ओळखीचा मिस्त्री नेऊन गाडी तपासा आणि चेसी, इंजिनचे नंबर ताडा.

६. मालकाच्या सह्या समोर घ्या. उरलेली रक्कम रोख नको, बँकेतून मालकाच्याच खात्यात द्या.

७. विमा आणि प्रदूषणाचा दाखला चालू असल्याची खात्री करून मगच गाडी रस्त्यावर काढा, आणि महिन्याच्या आत अर्ज करा.

हे सगळे करून १५-२० हजार वाचत असतील आणि गाडी निरोगी असेल, तर खुशाल आणा. ५ हजारच वाचत असतील, तर आपल्याच तालुक्यातली, चार माणसांच्या पाहण्यातली एमएच १४ ची गाडी घ्या. उद्या काही निघाले तर मालकाच्या दारात जाऊन बसता तरी येते.

ताई, सासरेबुवांना सांगा, त्यांचे "नको" सध्या "थांबा" एवढे करा. आणि मुलाला सांगा, आधी दाखला, मग पैसा. गाडी आली की पहिली फेरी सासरेबुवांना पुढच्या सीटवर बसवून काढा. घरातला रुसवा तिथेच मिटेल.

बरे आहे मंडळी, भेटू पुढच्या अंकी.