काळोख काढा, माणूस ठेवा

मावशी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी घरात एकच शोधाशोध सुरू झाली, ती फोटोची. तेराव्याला पाटावर ठेवायला, हार घालायला एक बरासा फोटो हवा होता. कपाटातले तीन अल्बम, चार जणांचे मोबाइल, मुलीच्या संगणकातली लग्नकार्यांची हजारभर छायाचित्रे, सगळे पालथे घातले. मावशी प्रत्येक समारंभात होती आणि फोटोत मात्र कुठेच नव्हती. कुठे अर्धा खांदा, कुठे पाठमोरा अंबाडा, कुठे वाढायला वाकलेली. शेवटची पंगत उठेपर्यंत जी बाई स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही, तिचा फोटो कोण काढणार आणि कधी?

अखेर एक सापडला. दोन दिवाळ्यांपूर्वी नातवाने मोबाइलवर काढलेला. माजघरातल्या एकुलत्या एका पिवळ्या बल्बखाली चकल्या पाडता पाडता मावशीने मान वर केली आहे आणि ती हसते आहे. हसू अगदी अस्सल. बाकी सगळा आनंदच! चेहरा मळकट पिवळा, डोळ्यांखाली अंधार आणि अंगभर रांगोळी सांडावी तसे लाल-हिरवे बारीक ठिपके. ‘सॉफ्टवेअरमध्ये घालून ठीक करून देतो,’ असे एका स्टुडिओवाल्याने सांगितले आणि दुसऱ्याच दिवशी चकचकीत चौकटीतला फोटो घरी आला.

काकांनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिले आणि हळूच विचारले, ‘‘ही कोण?’’

प्रश्न रास्त होता. चौकटीत चाळिशीची, गोरीपान, तुळतुळीत कातडीची एक बाई बसली होती. शहात्तर वर्षांच्या सुरकुत्या गेल्या होत्या. हनुवटीवरचे गोंदण नाहीसे झाले होते. पुढच्या दोन दातांमधली फट, जिच्यामुळे मावशी हसली की लहान मुलीसारखी दिसे, ती व्यवस्थित बुजवली होती. फोटोतले ठिपके गेले, हे खरे. पण त्यांच्याबरोबर मावशीही गेली.

त्या स्टुडिओवाल्याला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. त्याने बटण दाबले आणि बहुतेक गिऱ्हाइकांना जे आवडते तेच दिले. प्रश्न आपला, म्हणजे गिऱ्हाइकांचा आहे. फोटो ‘चांगला करून द्या’ असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्याला नेमके काय हवे असते?

फोटोवर हात फिरवणे ही काही संगणकाने आणलेली विकृती नव्हे. छायाचित्रणाचा शोध १८३९ मध्ये जगासमोर आला आणि अवघ्या पंधरा वर्षांत, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तेव्हापासूनच इथल्या स्टुडिओंत काचेवर, कागदावर कुंचले आणि पेन्सिली चालत आल्या आहेत. कृष्णधवल फोटोत शालूला जरीचा पिवळा आणि गालाला गुलाबी रंग भरणारे कारागीर होते. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने ‘टचिंग’ करणारे तर अगदी काल-परवापर्यंत गावोगावी होते. मुलगी ‘दाखवायच्या’ फोटोत ती दोन छटा उजळ यावी म्हणून आई-बाप स्टुडिओवाल्याच्या कानाशी लागत, हेही आपण विसरलेलो नाही. फोटोशॉप नावाचे सॉफ्टवेअर १९९० साली बाजारात आले, १९९६ मध्ये त्याच धर्तीचे गिंप फुकट मिळू लागले आणि पेन्सिलीची जागा माउसने घेतली. एवढेच.

तरीही पेन्सिलीच्या काळात आणि आजच्या काळात एक मोठा फरक आहे. पेन्सिल फिरवणारा माणूस चेहऱ्याकडे तासभर बघत असे. इथली सुरकुती हलकी करू, ही राहू दे, असे त्याचे मन ठरवी. आजचे एका बटणाचे सॉफ्टवेअर काहीच ठरवत नाही. त्याला लक्षावधी चेहरे दाखवून शिकवलेले असते. जिथे फोटो अस्पष्ट असेल तिथे ते, ‘बहुधा असे असावे’ म्हणून, त्या चेहऱ्यांच्या सरासरीतला एखादा तुकडा चिकटवते. मावशीच्या हनुवटीवरचे गोंदण त्याच्या लेखी कचरा ठरले, कारण ठिपके म्हणजे कचरा एवढेच त्याला ठाऊक.

हे ठिपके येतात तरी कुठून, हे समजून घेण्यासारखे आहे. प्रकाश पाण्याच्या धारेसारखा अखंड येत नाही, पावसाच्या थेंबांसारखा कणाकणाने येतो. अंगणात शेजारी शेजारी दोन वाट्या ठेवा. मुसळधार पावसात दोन्ही सारख्याच भरतील. भुरभुर असेल तर एकीत सात थेंब, दुसरीत बारा. कॅमेऱ्याच्या आत अशाच लक्षावधी सूक्ष्म वाट्या असतात. एका वाटीत सरासरी दहा हजार प्रकाशकण येत असतील, तर त्यात साधारण शंभरचा, म्हणजे एक टक्क्याचा चढउतार होतो. शंभरच कण येत असतील, तर चढउतार दहाचा, म्हणजे दहा टक्के! अंधारात काढलेल्या फोटोत सपाट गालावरही शेजारचे दोन बिंदू वेगळे दिसतात ते यामुळे. त्यात कॅमेरा हा तुटपुंजा हिशेब वाढवून दाखवतो, की चूकही तितकीच वाढते. पिवळ्या बल्बच्या उजेडात निळा प्रकाश फार थोडा असतो, म्हणून रंगांपैकी निळ्याची दशा सर्वांत वाईट.

याचा अर्थ सरळ आहे. वाटीत पडलाच नाही तो थेंब मागाहून कोणीही आणू शकत नाही. सॉफ्टवेअर दोनच गोष्टी करू शकते. जे नोंदले गेले आहे ते नीट मांडून दाखवणे, किंवा जे नोंदले गेले नाही ते मनाने रचणे. पहिल्याला मी फोटो वाचवणे म्हणतो. दुसऱ्याला चित्र काढणे म्हणावे. चित्र काढायला माझी हरकत नाही, फक्त त्याखाली फोटो म्हणून हार घालू नये.

ही भीती अवास्तव वाटत असेल तर एक उदाहरण देतो. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी अगदी अस्पष्ट चेहऱ्यापासून स्पष्ट चेहरा बनवणारी एक प्रणाली २०२० मध्ये मांडली. कोणीतरी तिला बराक ओबामांचा चौकटी-चौकटींचा, पण कोणालाही सहज ओळखू येईल असा फोटो दिला. प्रणालीने एक गोरा गृहस्थ काढून दिला. मूळ चेहरा तिला सापडलाच नव्हता. अस्पष्ट केल्यावर साधारण तसाच दिसेल असा एक चेहरा तिने शोधून काढला, आणि तिच्या पोतडीत गोरे चेहरे जास्त होते. उलटी गोष्टही घडलेली आहे. जून १९९४ मध्ये ‘टाइम’ या साप्ताहिकाने खुनाचा आरोप असलेल्या ओ. जे. सिम्प्सन यांचा पोलिसांनी काढलेला फोटो मुखपृष्ठावर मुद्दाम अधिक काळवंडून छापला. ‘न्यूजवीक’ने तोच फोटो त्याच आठवड्यात जसाच्या तसा छापला होता, त्यामुळे फरक साऱ्या जगाला दिसला आणि मोठा गहजब झाला. कातडीची छटा बदलणे हे निव्वळ सजावटीचे काम नसते, हे त्यातून कळावे. आपल्याकडे तर ‘उजळ’ आणि ‘गोरा’ हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. फोटो उजळ व्हायला हवा. माणूस गोरा होण्याची गरज नाही.

मग फोटो तसाच मळका ठेवायचा का? मुळीच नाही. आमच्या घरी पुढे काय झाले ते सांगतो. माझा भाचा त्या रात्री संगणकापुढे बसला आणि काका त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. पुढचे दोन तास मी जे पाहिले ते असे.

आधी त्याने व्हॉट्सॲपवर फिरलेली प्रत बाजूला सारली आणि ज्या मोबाइलवर फोटो काढला होता त्यातूनच मूळ प्रत घेतली. फिरत्या प्रतीत आकार कमी करताना बारकावे आधीच गळलेले असतात. मूळ प्रत जपून ठेवून तिच्या नकलेवर काम सुरू केले. मग रंग. मावशीच्या मागे चुन्याची पांढरी भिंत होती. ती पिवळी दिसत होती. भिंत पांढरी होईल इतपत पिवळेपणा काढला, आणि मावशीचा सावळा वर्ण आपोआप जागेवर आला. मग उजेड. सगळा फोटो सरसकट उजळ न करता त्याने फक्त चेहऱ्याच्या मधल्या छटा उचलल्या आणि कोपऱ्यातला अंधार तसाच राहू दिला. अंधार उकरला की ठिपके वर येतात. शिवाय माजघरात अंधार असतोच.

त्यानंतर ठिपके. यांत दोन जाती असतात. रंगाचे ठिपके, म्हणजे ती लाल-हिरवी रांगोळी, आणि उजेडाचे ठिपके, म्हणजे नुसती करडी कणकण. रंगाचे ठिपके त्याने जवळजवळ सगळे पुसले, कारण कोणाच्याही गालावर हिरवे बुंदके नसतात. करडी कणकण मात्र निम्मीच काढली. ती पूर्ण काढली की कातडी मेणाची होते. भिंतीवर जास्त, गालावर कमी, आणि डोळे, भुवया, केस व हनुवटीवर जवळजवळ नाहीच, असा त्याने हात राखून वापर केला. शेवटी फक्त डोळ्यांना किंचित धार दिली.

‘‘हनुवटीवर अजून काहीतरी आहे,’’ काका म्हणाले. भाच्याने फोटोचा फक्त लाल रंगाचा थर वेगळा काढून दाखवला. हिरवट गोंदण त्यात गडद उमटले होते. ते कॅमेऱ्यात नोंदलेले होते, फक्त पिवळेपणात बुडाले होते. त्या थराची थोडी मदत घेऊन गोंदण जागच्या जागी आणले. काहीही नव्याने काढावे लागले नाही.

‘‘साडीवरचा पिठाचा डाग?’’ भाच्याने विचारले. काका म्हणाले, ‘‘राहू दे. चकल्या करत होती ना ती!’’

मला त्यात नियम सापडला. खोलीचा, बल्बचा, कॅमेऱ्याचा जो दोष असेल तो बिनदिक्कत काढावा. त्या दिवसापुरते जे चेहऱ्यावर आले असेल, एखादी पुळी, घामाची चमक, ते घरच्यांना विचारून काढावे. पण जे त्या माणसाने आयुष्यभर अंगावर वागवले, गोंदण, व्रण, दातांमधली फट, सुरकुत्या, त्याला हात लावू नये. अपवाद एकच. माणूस हयात असेल आणि त्यानेच सांगितले, तर त्याचा चेहरा त्याच्या मालकीचा आहे.

यावर कोणी म्हणेल, दुःखातल्या घराला सुंदर फोटो मिळाला तर तुमचे काय बिघडते? शेवटचे महिने आजारपणात खंगलेल्या माणसाचा भरलेला, हसरा चेहरा घरच्यांना हवासा वाटला तर त्यात गैर काय? गैर काहीच नाही. ही ओढ मी समजू शकतो. पण तिच्यावर उपाय आहे तो त्या माणसाच्या बऱ्या दिवसांतला फोटो शोधण्याचा. यंत्राने रचलेला चेहरा भिंतीवर लावला, तर ज्यांनी त्या माणसाला पाहिले ते आठवणीने चूक भरून काढतील. ज्यांनी पाहिले नाही, त्या पणतवंडांसाठी मात्र तोच चेहरा खरा होईल. आपली हनुवटी कोणावर गेली आहे हे त्यांना कधी कळणार नाही. घरातली भिंत हे सामान्य कुटुंबाचे एकमेव दप्तर असते. त्यात खोटी नोंद कशाला?

आणि कधी कधी फोटो वाचतच नाही, हेही स्वीकारावे. तेव्हा तो लहान छापावा. छपाईला इंचाला तीनशे बिंदू धरतात. मावशीच्या चेहऱ्याभोवतीचा भाग कापल्यावर पंधराशे बाय एकवीसशे बिंदू उरले, म्हणजे पाच बाय सात इंच. ‘अठरा बाय चोवीस करून देतो,’ असे स्टुडिओने सुचवले होते. पाच बाय सात पुरे झाला. लहान आकारात ठिपके एकमेकांत मिसळतात आणि डोळा उरलेले काम करतो. रंग अगदीच हाताबाहेर गेले असतील तर फोटो कृष्णधवल करावा. आपल्या पणज्या त्यातच शोभून दिसतात.

तेराव्याला तो लहानसा फोटो पाटावर होता. थोडासा कणीदार, थोडासा अंधारा. येणाऱ्या बायका वाकून बघत होत्या आणि प्रत्येकीच्या तोंडून मावशीचे नाव निघत होते. ‘ही कोण’ असे कोणी विचारले नाही.

सगळ्यांत मोठी खंत मात्र सॉफ्टवेअरने भरून निघणारी नाही. तिचा एक फोटो वाचवण्यासाठी आम्ही दोन तास बसलो, पण ती असताना तिला खिडकीशी पाच मिनिटे बसवणे कोणालाच सुचले नव्हते. खिडकीतून येणारा सकाळचा कोवळा उजेड फुकट असतो आणि जगातल्या कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा चेहऱ्याला जास्त न्याय देतो. आज रविवार आहे. स्वयंपाकघरात जी कोणी असेल तिला गॅस बारीक करून बाहेर बोलवा. ‘अरे, माझा कसला फोटो, केस तरी विंचरू दे,’ असे ती म्हणेल. विंचरू द्या. आणि मग काढा.