आधी आपल्याच श्रद्धेला प्रश्न

देवाधर्माचा सिनेमा लागला की आपल्याकडे बहुधा दोनपैकी एक गोष्ट होते. एखादं मंडळ अख्खा खेळ बुक करून गल्लीला फुकट दाखवतं, नाहीतर दुसरं मंडळ जिल्हाधिकारी कचेरीत बंदीचं निवेदन देऊन दारातच फोटो काढून घेतं. पहिल्यांच्या लेखी सिनेमा म्हणजे यात्रा, दुसऱ्यांच्या लेखी गुन्हा. सिनेमात काय होतं, यावर दोन्हीकडे कोणी बोलत नाही.

माझं म्हणणं असं, की धर्मावरचा सिनेमा जोखायची एक साधी कसोटी आहे. तो प्रश्न कोणाच्या श्रद्धेला विचारतो? पाहणाऱ्याच्या, की त्याच्या शेजाऱ्याच्या? जळगाव-धुळ्यानं ही कसोटी चारचौघांत वापरायला सुरुवात करावी. त्याला लागणारे सिनेमे आहेत, जागा आहेत आणि वारसा तर आहेच.

१. सुरुवातच नीतीच्या प्रश्नातून झाली

दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, म्हणजे आपल्या शेजारच्या जिल्ह्यातले. मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहताना आपले राम-कृष्ण पडद्यावर कधी दिसतील, हा विचार त्यांच्या मनात आला. भारतीय सिनेमाची ठिणगी परक्या धर्माच्या भक्तिपटातून पडली, हे आज आवर्जून आठवायला हवं. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्याचा विषय देवाचा चमत्कार एवढाच नव्हता. राजानं दिलेला शब्द पाळायचा आणि किंमत मोजायची तारामती-रोहिदासानं, हे न्यायाचं आहे का, असा तो प्रश्न होता. कथा पुराणातली, पण घरातल्या कर्त्या पुरुषानं आजही स्वतःला विचारावा असा.

२. संतपट वाटतात तितके गुळगुळीत नव्हते

डिसेंबर १९३६ मध्ये प्रभातचा ‘संत तुकाराम’ प्रदर्शित झाला.  सिनेमा पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. विष्णुपंत पागनिसांचे तुकोबा सगळ्यांना आठवतात. पण सिनेमाचा नैतिक भार गौरीनं उभ्या केलेल्या जिजाईच्या डोक्यावर आहे. घरात दाणा नाही, पोर आजारी, आणि नवरा विठ्ठलाच्या नादात. ती पायताण घेऊन थेट देवळात जाते आणि पांडुरंगाला जाब विचारते. चित्रपटात विमान आहे, धान्याच्या राशी आहेत; तरी भुकेचा सवाल दामले-फत्तेलालांनी झाकला नाही. हाच प्रसंग आज नव्यानं चित्रित केला, तर दुसऱ्या दिवशी किती निवेदनं जातील?

त्याआधी १९३५ मध्ये व्ही. शांतारामांनी संत एकनाथांवर चित्रपट केला. एकनाथ अस्पृश्य मानलेल्यांच्या घरी जेवतात, हा त्याचा गाभा. ‘महात्मा’ हे मूळ नाव सेन्सॉरच्या हरकतीमुळे बदलावं लागलं आणि चित्रपट ‘धर्मात्मा’ झाला. नाथांच्या भूमिकेत बालगंधर्व होते. जळगावात त्यांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे. तिथं ‘धर्मात्मा’ दाखवायला कोणाची हरकत असेल?

३. साने गुरुजी रडवण्यापुरते नाहीत

गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, तिथल्या वसतिगृहाचे पालक होते. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि गुरुजी ते टिपून घेत. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आपल्याला त्यातून मिळालं. श्रद्धेवरची विसाव्या शतकातली एक मोठी मराठी चर्चा धुळ्यात, कैद्यांसमोर झाली. पुढच्याच वर्षी गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं. त्यावरच्या अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. २०२३ मध्ये सुजय डहाकेंनी हीच गोष्ट कृष्णधवल रंगात पुन्हा सांगितली आणि त्यालाही मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला.

शाळांमधून आपण हा सिनेमा दाखवतो, मुलं रडतात, शिक्षक डोळे पुसतात, तास संपतो. पण पुस्तकातली आई व्रतवैकल्यं करणारी सोवळ्यातली बाई आहे, आणि तीच शिवाशिवीमुळे लांब ठेवलेल्या म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढवून द्यायला श्यामला पाठवते. धर्म पाळणाऱ्या बाईनंच धर्माच्या नावावरची रीत मोडली. याच श्यामनं मोठेपणी, मे १९४७ मध्ये, विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केलं. सिनेमा संपल्यावर मुलांना एवढंच विचारावं: आपल्या गावात अशी मोळी आज कोणाच्या डोक्यावर चढवायची राहिली आहे?

४. धुळ्यानं ‘शेजारी’ पाहायलाच हवा

१९४१ चा ‘शेजारी’. कथा विश्राम बेडेकरांची, दिग्दर्शन शांतारामांचं. गावात पाटील आणि मिर्झा जिवाभावाचे मित्र. धरणाचं काम काढणाऱ्याला जमिनी हव्यात आणि गावाची एकी आड येते, म्हणून तो दोघांत पाचर मारतो. भांडणाला रंग धर्माचा चढतो, कारण मात्र जमिनीचं आणि पैशाचं असतं. शेवटी धरण फुटतं तेव्हा दोघे मित्र एकमेकांना धरून जातात. याच्या हिंदी आवृत्तीत, ‘पडोसी’त, हिंदू ठाकूर रंगवला मजहर खान यांनी आणि मिर्झा रंगवला गजानन जागीरदारांनी.

६ जानेवारी २०१३ ला धुळ्यात एका हॉटेलातल्या बिलावरून वाद झाला, त्याची दंगल झाली आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा जण गेले. त्याआधी २००८ मध्येही शहर पेटलं होतं. बिलाच्या वादाला धर्म कसा चिकटतो, मधे कोण उभं असतं आणि कोणाचं फावतं, हे धुळेकराला पुस्तकातून शिकायला नको. पण त्यावर एकत्र बसून बोलायला निमित्त लागतं. आपल्याच दंगलीवर बोलायला बसलो तर पहिल्या पाच मिनिटांत आवाज चढतील. ऐंशी वर्षांपूर्वीच्या पाटील-मिर्झावर मात्र दोन्ही मोहल्ल्यांतली माणसं शांतपणे बोलू शकतील, आणि बोलता बोलता स्वतःवर येतील.

५. आतून प्रश्न विचारणं म्हणजे टिंगल नव्हे

शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची लेक स्मिता पाटील १९७७ मध्ये जब्बार पटेलांच्या ‘जैत रे जैत’मध्ये चिंधी झाली. त्यातला नाग्या ठाकर जमातीचा पोर, ढोल वाजवणारा. पुण्यवान व्हावं म्हणजे राणीमाशीचं दर्शन होईल, या ध्यासापायी तो सगळे नेम पाळतो आणि माशी डसून डोळाच गमावतो. मग तो देवाच्या डोंगरालाच आव्हान देतो. इतका नेम पाळणाऱ्याला हे फळ का? हा भक्ताचाच सवाल आहे. नास्तिकाला तो पडायचं कारण नाही.

२०११ च्या ‘देऊळ’मध्ये केश्याला दत्ताचं दर्शन होतं. त्याची श्रद्धा खरी आहे आणि उमेश कुलकर्णींनी तिची एकदाही थट्टा केलेली नाही. थट्टा होते ती नंतर जमणाऱ्या पुढाऱ्यांची, दुकानांची, नारळाच्या ठेक्यांची. गावात दवाखाना व्हावा हा गावातल्याच अण्णांचा आराखडा देवळापुढे मागे पडतो आणि शेवटी केश्यालाच देव तिथून हलवावा लागतो. या चित्रपटाला देशातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार विभागून मिळाला. आपल्या तालुक्यात गेल्या काही वर्षांत किती कळस चढले आणि किती आरोग्य उपकेंद्रांना कुलूप दिसतं, हा हिशेब ज्याचा त्यानं मांडावा.

६. हातातला पडदाही सिनेमाच

१ जुलै २०१८. साक्री तालुक्यातलं राईनपाडा. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षेसाठी आली होती. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, या मोबाइलवरच्या अफवेमुळे जमावानं त्यांना ठेचून मारलं. त्या दिवसांत देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक तर कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीतून कापलेली होती. मूळ जाहिरात मुलांना जपा म्हणून सांगणारी. कापलेला तुकडा माणसं मारायला पुरला.

दारी आलेल्या गोसाव्याला पसाभर पीठ घालणं हा आपल्याच धर्माचा भाग. तो धर्म त्या दिवशी एका व्हिडिओपुढे हरला. म्हणून चित्र पाहताना ‘हे कोणी काढलं, कुठून कापलं, मला कोणावर चिडवू पाहतंय’ असं विचारायची सवय लागणं याला मी चैन मानत नाही. ती पाणी-रस्त्याइतकीच नागरी गरज आहे. ही सवय सिनेमा पाहून त्यावर बोलण्यानं लागते. पोलिसांच्या फलकानं लागत नाही.

७. आपले विषय आपण कधी घेणार?

मुक्ताईचं तापीकाठचं ठाणं आपल्या मुक्ताईनगरात. तिच्यावरचा मोठा चित्रपट दिग्पाल लांजेकरांनी २०२५ मध्ये आणला, हे चांगलंच झालं. पण आपल्या खान्देशची देवी कानबाई? श्रावणात रविवारी ती घरोघर बसते, रात्र जागवली जाते, सोमवारी नदीवर निरोप दिला जातो. अनेक घरांत तिच्या प्रसादाच्या रोटाचे गहू घरातल्या पुरुषांच्या संख्येवर मुठींनी मोजले जातात आणि रोट भाऊबंदांबाहेर जात नाहीत. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या मुलींच्या प्रमाणात जळगाव जिल्हा राज्याच्या तळाच्या जिल्ह्यांत होता. देवी बाईच्या रूपात बसवायची आणि तिच्या प्रसादात लेकीची मूठ धरायची नाही, यात सिनेमा आहे. सातपुड्यात अजून बाईला डाकीण ठरवलं जातं. राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, तरीही. यातही सिनेमा आहे.

अहिराणी-खान्देशी व्हिडिओ करणाऱ्यांनी विनोदाच्या जोरावर प्रचंड प्रेक्षक मिळवला आहे. कॅमेरा आहे, कलाकार आहेत, बोली आहे. दहा विनोदांमागे एक असा विषय त्यांनी घ्यावा. पुण्या-मुंबईचा दिग्दर्शक येऊन कानबाईला प्रश्न विचारेल तर ते टोचेल. घरच्या लेकीनं विचारला तर ऐकून घेतला जाईल.

८. ‘भावना दुखावतात’ याचं उत्तर

भावना दुखावतात, हे खरं आहे आणि ते हसण्यावारी नेऊ नये. पण त्याचं उत्तर कायद्यात दिलेलं आहे. १९५२ च्या कायद्याप्रमाणे चित्रपट तपासूनच प्रमाणपत्र मिळतं. १९८९ मध्ये रंगराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं, की निदर्शनांच्या धमकीला घाबरून सरकारला प्रमाणपत्र मिळालेला चित्रपट अडवता येत नाही. बंदोबस्त ठेवणं हे सरकारचं काम आहे. न पाहण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. दुसऱ्याला पाहू न देण्याचा कोणालाच नाही.

हा नियम मला न आवडणाऱ्या सिनेमालाही लागू. शेजाऱ्याच्या धर्माला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून टाळ्या घेणारे चित्रपट येतात आणि इथं त्यांचे खेळ भरतात. त्यांवर बंदी मी मागत नाही. एवढंच सांगतो, की ते पाहून बाहेर पडणाऱ्याला स्वतःत बदलावं असं काहीच सापडत नाही. बदलायचं असतं ते सगळं पलीकडच्या गल्लीत. धर्म माणसाला स्वतःकडे पाहायला लावतो असं आपण मानत असू, तर असा सिनेमा धर्माच्या काहीही उपयोगाचा नाही. आणि दुसऱ्या टोकाला, भाविक म्हणजे मूर्ख असं गृहीत धरून विनोद करणाऱ्यांनाही हेच लागू पडतं. त्यांचा प्रश्नही स्वतःला नसतो.

९. करायचं काय

अ) जळगाव आणि धुळे महापालिकांनी आपल्या नाट्यगृहांत महिन्यातला एक दिवस अशा चित्रपटासाठी राखावा. सिनेमा दोन तास, बोलणं एक तास. बोलण्याशिवाय सिनेमा नको.

आ) जळगावचं व. वा. वाचनालय, धुळ्याचं गरुड वाचनालय आणि अमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिर यांनी आयोजनात पुढाकार घ्यावा. राजकीय पक्षाकडे हे काम गेलं की संपलं.

इ) कायद्यानं चित्रपटाचा स्वामित्वहक्क साठ वर्षांचा असतो. ‘तुकाराम’, ‘शेजारी’, ‘श्यामची आई’ यांची साठ वर्षं केव्हाच उलटली. चांगल्या प्रतीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे रीतसर पत्र जावं. खर्च एखाद्या स्वागत कमानीपेक्षा कमीच येईल.

ई) धुळ्याच्या एकवीरा देवीची चैत्रातली यात्रा, अमळनेरला बोरीच्या पात्रात भरणारी सखाराम महाराजांची वैशाखातली यात्रा, इथं एक तंबू या चित्रपटांचा असावा. यात्रेतला सिनेमाचा तंबू महाराष्ट्राला नवा नाही. फिरत्या टॉकीजनं गावोगाव देव आणि सिनेमा एकाच आवारात पिढ्यानपिढ्या नांदवले आहेत.

उ) चर्चेला कीर्तनकार, मौलाना, भंते, पाद्री, शिक्षक आणि आशाताई असे सगळे बसावेत. नियम एकच: प्रत्येकानं आपल्याच धर्माबद्दल, आपल्याच घरातल्या रीतीबद्दल बोलायचं. दुसऱ्याच्या धर्मावर पहिलं वाक्य आलं की माइक पुढच्याकडे.

हा शेवटचा नियम पाळणं सगळ्यांत अवघड जाईल. म्हणूनच सुरुवात त्यानंच करावी, आणि पहिल्या महिन्यात चित्रपट ठेवावा ‘शेजारी’.