सोमवारची रात्र आणि साखरेची गोळी

वाचकहो, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आपल्या घरच्या आजी-आजोबांना एकदा विचारून पाहा, सोमवारी रात्री आपण जेवत का नाही? बरेचजण महादेवाचे नाव घेतील. काहीजण मात्र शास्त्रीजींचे नाव घेतील.

१९६५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात पाकिस्तानशी युद्ध झाले आणि त्याच वर्षी पावसानेही दगा दिला. अमेरिकेच्या ‘पी. एल. ४८०’ कायद्याखाली येणाऱ्या धान्यावर तेव्हा देश विसंबून होता. युद्धानंतर त्याचीही शाश्वती उरली नाही. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एका वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि असंख्य घरांत सोमवारी संध्याकाळी चूल पेटेनाशी झाली. १९६६ साली तर बाहेरून सुमारे १ कोटी टन धान्य आणावे लागले. पुढे १९७१ च्या युद्धकाळात निर्वासितांसाठी प्रत्येक पत्रावर ५ पैशांचे जादा तिकीट आले आणि पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ. रेशनच्या रांगा, मिलोच्या लाल भाकरी आणि दुष्काळी कामावरची सुकडी ज्यांनी अनुभवली, त्यांच्या अंगी काटकसर कायमची मुरली. ताटात काही टाकायचे नाही, उरलेले झाकून ठेवायचे आणि उपास मोडायचा नाही.

या पिढीचा संयम वंदनीयच आहे. परंतु तेव्हा विशीतल्या देहाने केलेला उपास आणि आज मधुमेहाची गोळी घेणाऱ्या देहाने केलेला उपास यांत मोठे अंतर आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्शुलिन, आपण जेवलो की नाही हे पाहत नाहीत. ती रक्तातील साखर उतरवीतच राहतात. वयोमानाने मूत्रपिंडाचे काम मंदावले असेल, तर काही औषधांचा अंमल अधिक काळ टिकतो. म्हणून गोळी घेतली आणि जेवण सोडले, तर मध्यरात्री साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

ही लक्षणे ओळखा : दरदरून घाम, हातांना कंप, धडधड, एकाएकी भूक. वृद्धांत मात्र पुष्कळदा असंबद्ध बोलणे, चिडचिड किंवा गुंगी एवढेच दिसते आणि घरचे ‘वयामुळे होते’ म्हणून झोपू देतात. रक्तदाबाची काही औषधे चालू असतील, तर कंप आणि धडधड जाणवतही नाही. शंका येताच यंत्रावर साखर तपासा. ती ७० च्या खाली असेल, किंवा यंत्रच नसेल, तर शुद्धीवर असलेल्या रुग्णास तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून कमी असेल तर पुन्हा साखर द्या. बरे वाटल्यावर पोळी किंवा दूध-भात खाऊ घाला. या गोळ्यांमुळे साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून डॉक्टरांना अवश्य दाखवा. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका; १०८ ला फोन करा.

उपास करायचाच असेल, मग तो सोमवारचा असो, एकादशीचा असो वा गुरुवारी शेगावच्या महाराजांच्या नावाने असो, आधी डॉक्टरांना विचारा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका आणि रिकाम्या पोटी घेऊही नका. त्या दिवशी मात्रा बदलता येते.

सांभाळ करणाऱ्यांना एक विनंती. ‘आता कसला उपास!’ असे म्हणून ज्येष्ठांना दुखवू नका. ज्या काळाने त्यांना ही शिस्त लावली, त्याची गोष्ट आधी ऐकून घ्या. मग सांगा की, देशाच्या गरजेसाठी सोडलेल्या त्या घासाचे सार्थक कधीच झाले आहे. आजचा घास त्यांनी आपल्यासाठी खावा. एवढे प्रेमाने सांगितले, तर सोमवारी रात्री त्यांचे ताट मांडणे फारसे अवघड जाणार नाही.