रस्त्याचे पैसे, रस्त्याचा हिशेब

दिवाळीच्या सुट्टीत मुंबईहून पुण्याला निघालेले कुटुंब द्रुतगती मार्गासाठी एका खेपेचे ३२० रुपये (२०२५ चा दर) मोजते. त्याआधी पंपावर भरलेल्या प्रत्येक लिटर पेट्रोलमधून केंद्राचे उत्पादन शुल्क, रस्ते व पायाभूत सुविधा उपकर आणि राज्याचा मूल्यवर्धित कर वळता झालेला असतो. गाडी घेतली तेव्हा वाहन कर भरला तो वेगळाच. रस्त्यासाठी इतक्यांदा पैसे दिल्यावर पुन्हा टोल कशासाठी, हा प्रश्न म्हणूनच घराघरांत विचारला जातो. यंदाच्या अंकाचा मुख्य विभाग रस्त्यांना वाहिलेला आहे, तेव्हा सुरुवात याच प्रश्नाने करणे योग्य.

प्रश्न जुना आहे. त्याचे पहिले व्यवस्थित उत्तर एका मराठी माणसाच्या अध्यक्षतेखाली तयार झाले, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानात नसते. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर १९२७ साली नेमलेल्या रस्ते विकास समितीचे अध्यक्ष होते. मोटारी वाढत होत्या आणि बैलगाड्यांसाठी बांधलेले रस्ते त्यांच्या चाकांखाली उखडत होते. समितीने सुचवले की पेट्रोलवर जादा कर बसवावा आणि तो पैसा रस्त्यांसाठीच वेगळा ठेवावा. दर गॅलनला दोन आणे या दराने कर लागू झाला आणि १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. जो रस्ता वापरेल त्याने इंधनातून पैसे द्यावेत आणि ते रस्त्यावरच खर्च व्हावेत, असे हे साधे तत्त्व.

सत्तर वर्षांनंतर महाराष्ट्राने दुसरी वाट धरली. सरकारी तिजोरीत पैसा नव्हता आणि बोरघाटातली कोंडी असह्य झाली होती. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने टोलमधून फेडायचे म्हणून बाजारातून कर्ज उभारले आणि सुमारे ९४ किलोमीटरचा सहापदरी मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाला. टोलच्या बाजूचा याहून भक्कम पुरावा देशात क्वचितच सापडेल. जुना घाटरस्ता शिल्लक होता, त्यामुळे वेळ वाचवायचा त्याने पैसे द्यावेत, हा सौदा लोकांना पटला.

पुढचा भाग तितका पटण्याजोगा नाही. २००४ मध्ये पंधरा वर्षांच्या वसुलीचा हक्क ९१८ कोटी रुपये आगाऊ घेऊन एका कंपनीला देण्यात आला. ती मुदत २०१९ मध्ये संपली. टोल संपला नाही. २०२० मध्ये ८,२६२ कोटींचा नवा करार झाला आणि वसुलीला आणखी दहा वर्षांची मुदत मिळाली. बांधकामाचा खर्च निघाल्यावर टोल थांबेल या समजुतीने पैसे देणाऱ्या प्रवाशाला, ही वसुली आता कशापोटी आहे, हे सोप्या भाषेत कोणी समजावून सांगितले नाही. लोकांच्या संतापाचे मूळ रकमेपेक्षा या अबोल्यात अधिक आहे.

कोल्हापूरने तो संताप साऱ्या राज्याला दाखवला. तिथे टोल लागला तो शहराच्या आतल्या सुमारे ५० किलोमीटर रस्त्यांवर. शहरात ये-जा करायची तर दुसरा मार्गच नव्हता. प्रा. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसे पुढे आली, मोर्चांना सगळे शहर लोटले, जानेवारी २०१४ मध्ये नाके जाळले गेले आणि अखेर टोल रद्द झाला. या आंदोलनानंतर माफीची वाट रुळली. २०१५ मध्ये राज्यातले १२ नाके बंद झाले आणि ५३ नाक्यांवर मोटारी आणि एसटीला सूट मिळाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांचा टोल गेला.

माफी मिळाली की नाक्यावर गुलाल उडतो, पण करार कायम असतो. ठेकेदाराची भरपाई सरकारी तिजोरीतून होते, म्हणजे वाशीचा नाका कधी न पाहिलेला गडचिरोलीचा शेतमजूरही काडेपेटी घेताना त्यात आपला वाटा देतो.

मग इंधनावरचा करच बरा का? त्याचे गुण खरे आहेत. नाका नको, रांग नको, वसुलीचा खर्च नाममात्र. जो जास्त फिरतो तो जास्त देतो. पण शेत नांगरणाऱ्या ट्रॅक्टरच्या डिझेलमध्येही रस्त्याचा उपकर असतो. राष्ट्रीय महामार्गावर टोल न भरणारी दुचाकी पंपावर मात्र सुटत नाही. वजनाचा हिशेब तर इंधन करात बसतच नाही. आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज सुमारे सोळा पट होते, असे अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात झालेल्या रस्ता-चाचण्यांतून निघालेले सूत्र अभियंते आजही वापरतात. लादलेला ट्रक मोटारीच्या कितीतरी पट डिझेल जाळत असला तरी त्याने केलेल्या झिजेपुढे तो कर थोडाच.

शिवाय जयकरांचा निधी आता जयकरांचा राहिलेला नाही. २०१८ च्या अर्थसंकल्पात पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे ८ रुपयांचा रस्ते व पायाभूत सुविधा उपकर आला, निधीचे नाव बदलले आणि रस्त्यांखेरीज इतर अनेक कामांसाठी त्याचे दार उघडले. एका पेटीत जमा झालेला पैसा कोणत्या रस्त्यावर गेला, हे भरणाऱ्याला कळत नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला २०११ च्या सुमारास सुरुवात झाली. भूसंपादन, कंत्राटदार, न्यायालय अशी विलंबाची कारणे अनेक आहेत. पण इतकी वर्षे उपकर भरूनही कोकणी माणसाला वेळेत रस्ता मिळाला नाही. गणपतीत मिळणारी टोलमाफी ही त्याची भरपाई नव्हे.

आणखी एक बदल दारात उभा आहे. विजेवर चालणारी गाडी इंधन कर भरत नाही. समृद्धी, अटल सेतू आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर राज्याने २०२५ मध्ये विजेच्या मोटारींना टोलही माफ केला. धूर कमी व्हावा म्हणून काही वर्षे ते योग्यच. मात्र अशा गाड्या वाढतील तसा पंपावरचा निधी आटेल आणि अंतरावर, वजनावर आधारलेल्या आकारणीकडे यावेच लागेल. टोलवरचा विश्वास आजच सावरला नाही, तर त्या दिवशी लोक कोणतीही आकारणी मान्य करणार नाहीत.

म्हणून या अंकाची भूमिका स्पष्ट आहे. गावाला, तालुक्याला, बाजाराला जोडणारे आणि ज्यांना पर्याय नाही असे रस्ते इंधन करातूनच व्हावेत, आणि तो कर रस्त्यांसाठीच राखला जावा. टोल फक्त तिथे असावा जिथे नवा, वेगळा मार्ग बांधला आहे आणि जुना चालू आहे. ट्रकचा दर त्याच्या वजनाला धरून असावा. रस्ता धड नसेल तर वसुली थांबावी. केरळातल्या पालियेक्करा नाक्याची वसुली तिथल्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये थांबवली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगिती उठवायला नकार दिला, तो याच न्यायाने.

आणि प्रत्येक नाक्यावर मराठीत, ठळक अक्षरांत, दर महिन्याला तीन आकडे लागावेत: खर्च किती झाला, वसूल किती झाला, उरले किती. वाचकांनी आपल्या आमदार-खासदारांकडे, ग्रामसभेत आणि येत्या निवडणुकांत मते मागायला येणाऱ्यांकडे ही एक मागणी लावून धरावी, ही विनंती. पुढच्या पानांवर या विषयाच्या इतर बाजू आहेत. त्यांवरची मते, विशेषतः न पटलेली, अगत्याने कळवावीत.